शुक्रवार पेठेतलं माहेर

विहीणबाईंना सांगायचं कुणी, हा प्रश्न सकाळपासून सोजरबाईंच्या मानगुटीवर बसला होता. अजिंक्यने तो तिथं आणून बसवला आणि स्वतः गजरे आणायला पसार झाला.

"आई, ऋतुजा माळशिरसला जाणार न्हाय. बाळंतपण हितंच करायचं ठरलंय आमचं. मामींना तूच सांग, तुझं ऐकत्यात त्या."

बायको त्याची, सासू त्याची आणि सांगायचं मात्र आईनं! सोजरबाई पुरण वाटता वाटता लेकाच्या नावाने बोटं मोडत होत्या. आज सुनेचं डोहाळजेवण. ओटी भरली की लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायचं, ही रीत त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेली. त्यासाठी ऋतुजाची आई रुक्मिणीबाई भावाची जीप घेऊन माळशिरसहून निघाल्याही होत्या. एकुलती एक लेक. सहा महिने झाले, बाई बाळंतिणीच्या खोलीची तयारी करत होती. बाज नवी विणून घेतली, डिंकाचे लाडू बांधले, खोलीला पांढरा रंग दिला. प्रत्येक फोनमध्ये त्या एकेक गोष्ट सांगायच्या आणि सोजरबाई "लई झ्याक, इनबाई" म्हणायच्या. आता त्याच तोंडाने "पोरगी येत न्हाय" कसं म्हणायचं?

याचं मूळ शोधायला लांब जायला नको होतं. ते माडीवर होतं. सोजरबाईंची लेक उत्कर्षा फिजिओथेरपिस्ट. सासर तिचं पलीकडच्याच गल्लीत, पण दर रविवारी आईच्या माडीवर ती होणाऱ्या आईबापांचा वर्ग घ्यायची. पोटुशा बायका यायच्याच, पण बरोबर नवऱ्याला आणायचं अशी तिची अट होती. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभे राहणारे दांडगे बाप्ये रविवारी मांडी घालून बसायचे. सोलापुरी टॉवेलची शिवलेली, पोटात बाजरी भरलेली बाहुली कुशीत घेऊन तिला झोपवायला, दुपट्यात गुंडाळायला शिकायचे. बाळं झाली की हीच जोडपी बाळांना घेऊन बुधवारी जमायची आणि आपापली रडगाणी एकमेकांना सांगायची. सोजरबाईंचे यजमान कुंडलिकराव याला 'बाप्यांची बालवाडी' म्हणत. सोजरबाई स्वतः शेजारणींना सांगत, "उत्कर्षा व्यायामाचा क्लास घेती." खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

उन्हं डोक्यावर यायच्या आत जीप आली. हिरवं लुगडं नेसलेल्या रुक्मिणीबाई उतरल्या, मागून त्यांचे भाऊ महिपतराव. रुक्मिणीबाईंचे यजमान गावीच गुरांपाशी थांबले होते. सोजरबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, गूळपाणी दिलं आणि मनातली गोष्ट घशातच ठेवली. जेवणं तर होऊ देत, मग बघू.

माडीवर ऋतुजा फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. गल्लीतल्या सवाशिणी जमल्या. सोजरबाई खण-नारळाचं ताट घेऊन वर आल्या आणि जिन्यावर चपलांचा मोठा आवाज झाला. बघतात तर काय! वर्गातली सगळी जोडपी दारात उभी. बायका नटूनथटून, नवऱ्यांच्या हातात केळ्यांचे फणे, डाळिंबं आणि मिठाईची खोकी. सगळ्यात पुढे टॉवेल कारखान्यातला विरुपाक्ष, कडेवर दोन महिन्यांची लेक आणि पाठीशी बायको मल्लव्वा.

"बाप्ये?" रुक्मिणीबाईंनी पदर सावरला. "ओटीला बाप्ये कशाला आल्यात?"

सोजरबाईंनी लेकीला कोपऱ्यात ओढलं. "तुला आजचा वर्ग बंद ठेवायला सांगितलं हुतं ना मी?"

"अगं, ठेवला की! परवाच ग्रुपवर कळवलं, रविवारी वर्ग नाही, घरी वहिनीचं डोहाळजेवण आहे."

"मग झालंच की!" सोजरबाईंनी कपाळावर हात मारला. आपल्याकडे घरात कार्य आहे असं सांगितलं की ते आवतणच असतं, हे एवढं शिकूनही या पोरीला कळत नव्हतं. आता आलेल्यांना माघारी कसं धाडणार? पुरणपोळ्या मोजक्या होत्या. सोजरबाई खाली जाऊन परात घेणार, तोच विरुपाक्षने लेक मल्लव्वाकडे दिली, बाह्या सावरल्या आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "काकू, तुम्ही बसा री. वाढायचं आमच्याकडं." बघता बघता चार बाप्ये स्वयंपाकघरात घुसले. एकाने कणीक तिंबली, दुसऱ्याने भाताचा कुकर लावला. अजिंक्य पत्रावळ्या मांडू लागला. गल्लीतल्या सवाशिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत हेवाही होता, तो सोजरबाईंनी बरोबर टिपला. त्यांना उगीच बरं वाटलं.

ओटी भरली. पहिली ओटी आईची म्हणून रुक्मिणीबाईंनी भरली आणि लेकीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. जेवणं झाली. मग महिपतराव उठले आणि जिन्यापाशी जाऊन उभे राहिले.

"चला बाई, दिवेलागणीच्या आत पोचू. ऋतुजाची बॅग कुटं हाय?"

अजिंक्यने आईकडे पाहिलं. ऋतुजाने आत्याबाईंकडे, म्हणजे सासूकडे पाहिलं. सोजरबाईंनी कुंडलिकरावांकडे पाहिलं, तर ते सुपारी कातरण्यात गुंग. सोजरबाई पदर खोचून उठल्या. "इनबाई, च्या ठेवते की. अशी काय घाई?"

घरात भल्याभल्यांना गप्प करणारी ही बाई. आज तिला चहाचा आडोसा घ्यावा लागला. शेवटी ऋतुजाच बोलली.

"आई, मी येणार नाही. रागावू नको. मला इथंच बाळंत व्हायचंय."

रुक्मिणीबाईंना आधी कळलंच नाही. "म्हंजी? उद्या येतीस का?"

"नाही गं. बाळ होईपर्यंत इथंच, आणि झाल्यावरही. कळा येतील तेव्हा हे माझ्याजवळ पाहिजेत. पाठ कशी दाबायची, श्वास कसा मोजायचा, सगळं शिकलेत हे. तिकडं आले तर बाहेरच्या ओट्यावर बसवाल तुम्ही यांना, आणि बाळ दाखवाल बारशाला."

"मग? जावई बाळंतिणीच्या खोलीत येत असतो व्हय?" रुक्मिणीबाईंचा आवाज चढला. "गावात माझं काय ऱ्हाईल गं? ओटी भरून लेक माहेरी आली न्हाय म्हणल्यावर लोकं म्हणत्याल, आई मेली हुती का हिची? का आईच्या घरी दाणा नव्हता?"

"तसं नाही मामी," अजिंक्य पुढे झाला.

"तुमी गप बसा, जावईबापू. सहा महिनं मी त्या खोलीकडं बघत जगलेय."

हे मात्र सोजरबाईंना लागलं. काही झालं तरी त्याही आईच होत्या. लेकीचं बाळंतपण करणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या झटकन विहिणीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "इनबाईंचं बराबर हाय. न्यायचा मान त्यांचा. ऋतुजा, बॅग भर."

"आई, तू सकाळी..." अजिंक्य चकितच झाला.

"सकाळी मी काय म्हणले? काय म्हणलेच न्हाय!"

आता मल्लव्वा पुढे आली. वर्गात कधी न बोलणारी पोर, अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची. मराठी तिची कानडीच्या वाटेने यायची. "मावशी, मी बोलू का री? मी गेल्ते माहेरला. आईनं लई केलं, कायबी कमी न्हाय. पण बाळ झाल्यावर मला रडूच यायचं. का, ते कळंना. बाळाकडं बघू वाटंना. आई म्हणाली, नजर लागली. मिरच्या ओवाळल्या. ह्या ग्रुपातल्या बायका रोज फोन करायच्या, त्यांना माझ्या आवाजावरून कळलं. उत्कर्षाताई यष्टीनं आल्या, डॉक्टरकडं नेलं. हे कारखान्यात सुट्टी टाकून आले, बाळ दिवसभर ह्यांनी सांभाळलं. म्हणून बरी झाले री मी."

सोजरबाईंनी लेकीकडे पाहिलं. त्या दिवशी भर उन्हात उत्कर्षा एसटीने कुठं गेली होती, हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं. सोजरबाईंनी तर तिला दिवसभर घर टाकून गेल्याबद्दल बोल लावले होते. आता त्यांचा ऊर भरून आला, पण विहिणीसमोर तो कसा दाखवायचा, म्हणून त्या नाक ओढून बसल्या.

कुंडलिकरावांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "इनबाई, सगळी जमलीच हायती, तर बघून तरी घ्या आमची बालवाडी. न्हाय पटलं, तर पोरगीला मी सोता जिपात बसवतो."

रुक्मिणीबाई ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकल्या. हो म्हणाल्या नाहीत, पण उठल्याही नाहीत.

वर्ग सुरू झाला. विरुपाक्षने पाटावर बसून पाय लांब केले, लेकीला पायांवर घेतलं आणि कोमट तेलाचा हात फिरवायला लागला. कारखान्यातला हात, पण लोण्यावरून फिरावा तसा फिरत होता. पोर हुंकार देत होती. बाकीचे नवरे आपापल्या बाजरीच्या बाहुल्या पायांवर घेऊन तसंच करू लागले. अजिंक्यची बाहुली घसरली आणि डोक्यावर आदळली.

"अगं बाई!" रुक्मिणीबाईंच्या तोंडून निसटलं. "पाय ताठ धरलेस बाबा. गुडघं जरा सैल सोड, खाच पडती, त्यात लेकरू बसतं."

अजिंक्यने गुडघे सैल सोडले. बाहुली बसली. रुक्मिणीबाईंनी पुन्हा ओठ मिटले, पण आता त्या भिंतीला टेकलेल्या नव्हत्या.

मग उत्कर्षा बोलायला लागली. बाळाला पहिलं दूध पाजायचं, चीक म्हणून पिळून टाकायचं नाही. मध चाटवायचा नाही, वर्षभर तरी नाही. नाकाकानात तेल घालायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीची दारंखिडक्या बंद करून आत शेगडी पेटवायची नाही, धूर करायचा नाही.

शेगडी म्हटल्याबरोबर रुक्मिणीबाईंचा चेहरा उतरला. सोजरबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांना विहिणीचा पुळका आला. बिचारीने एवढी तयारी केलेली, आणि ही पोरगी तिच्यासमोर एकेक गोष्ट खोडून काढतेय!

"बास की गं," त्या लेकीवर खेकसल्या. "आमी समद्यांनी हेच केलं. शेगडी केली, मध चाटवला. आमची पोरं जगली न्हाईत का?"

"माझी दोन न्हाय जगली."

रुक्मिणीबाई हे इतक्या साध्या आवाजात बोलल्या, की विरुपाक्षचा हात लेकीच्या पाठीवर तसाच थांबला.

"ऋतुजाच्या आदी एक, मागनं एक. पयला पोरगा. चीक टाकला, मध दिला, सासूनं जे सांगितलं ते सगळं केलं. दुसरी पोरगी. थंडीचे दिवस हुते, खोली गच्च बंद, शेगडी रात्रंदिस. कशानं गेली, कुणी सांगितलं न्हाय. नशीब म्हणाले. मीबी नशीबच म्हणले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पण मनात खात हुतं. म्हणून ह्या बारीला मी त्या खोलीची भिंत फोडून खिडकी पाडून घेतलीया. गवंडी हसला मला. म्हणाला, बाळंतिणीच्या खोलीला खिडकी कशाला?"

ऋतुजा फुलांचे दागिने सांभाळत उठली आणि आईपाशी जाऊन बसली. आपल्या मागे झालेली बहीण तिलाही ठाऊक नव्हती. उत्कर्षाने रुक्मिणीबाईंचे दोन्ही हात धरले. "मावशी, खिडकी पाडलीत ना, ते अगदी बरोबर केलंत. कशानं गेली ते मलाही आज सांगता येणार नाही. पण तुमची चूक म्हणू नका."

सोजरबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण जे बोलून गेल्या, ते गिळता येत नव्हतं.

रुक्मिणीबाई थोड्या वेळाने उठल्या. पिशवी काखेला लावली. "ऱ्हाऊ दे पोरगी हितंच. हितं शिकलेली माणसं हायती, दवाखाना जवळ हाय, नवरा जवळ हाय. मला गाव काय म्हणंल ते म्हणंल. महिपती, गाडी काढ."

जिंकायचं होतं ते मिळालं होतं. अजिंक्यच्या मनासारखं झालं, ऋतुजाच्याही. पण कुणाचाच चेहरा फुलला नाही, आणि सोजरबाईंचा तर अजिबात नाही. ज्या बाईने दोन लेकरं घालवून उरलेल्या एका लेकीसाठी भिंत फोडली, तिला रिकाम्या जीपमध्ये बसवून धाडायचं? मग आपल्या घरात एवढा शहाणपणाचा वर्ग चालतो, त्याचा उपयोग काय?

त्या गॅलरीत गेल्या. समोरच्या चनबसप्पांच्या घराची रस्त्याकडची खोली भाडेकरू गेल्यापासून रिकामी पडली होती. चनबसप्पा ओट्यावर पेपर वाचत होते.

"चनबसप्पा! खोली द्यायची का?" सोजरबाईंनी वरूनच हाळी दिली.

"कुणाला पाहिजे अक्का?"

"माझ्या इनबाईंना. तीन-चार महिनं."

चनबसप्पांनी पेपरची घडी केली आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून वर दाखवला. "तगोरी अक्का, तगोरी! घ्या की. विचारताय काय?"

सोजरबाई वळल्या तेव्हा त्यांचा जुना आवाज त्यांना परत सापडला होता. "इनबाई, पिशवी खाली ठेवा. माहेर म्हंजी काय माळशिरसच्या वेशीत पुरलेलं असतंय व्हय? आईची चूल जितं, माहेर तितं. तुमची बाज, तुमचं लाडू, समदं हिकडं आणा. लेक तुमच्याच घरी बाळंत हुईल."

"लेकीच्या सासरच्या दारात ऱ्हाऊ व्हय मी?" रुक्मिणीबाई थबकल्या. "रीत हाय का ती?"

"माझ्या दारात न्हाय. चनबसप्पाच्या. त्या उंबऱ्याच्या आत तुमचं राज्य. मी पाय ठेवीन ते तुमी बोलावल्यावर."

महिपतरावांनी डोकं खाजवलं. "बाई, पण तिकडं दाजी एकटं काय करत्याल? भाकरी कोण घालणार त्यांना?"

रुक्मिणीबाईंनी माडीवर नजर फिरवली. टॉवेलच्या बाहुल्या मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाप्यांकडे त्यांनी नीट पाहिलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं. "शिकत्याल की! हितं बाप्ये लंगोट बदलायला शिकल्यात, त्यांना भाकरी थापायला काय झालं?"

माडी हशाने दणाणली. अजिंक्य धीर करून म्हणाला, "मामी, पण बाळाची अंघोळ मी घालणार. रोज येणार मी आत."

"ये. पर आदी गुडघं नीट धरायला शीक."

"आणि शेगडी?" उत्कर्षाने हळूच विचारलं.

"शेगडी च्या करायला," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आणि खिडकी हाय ना गं त्या खोलीला?"

"दोन हायत री," मल्लव्वा गॅलरीतून ओरडली.

ओटी भरलेली लेक त्याच दिवशी माहेरी पोचली पाहिजे, म्हणून सगळे लगेच निघाले. पुढे रुक्मिणीबाई किल्ली घेऊन, मागे नारळ ओटीत धरलेली ऋतुजा, तिच्याजवळ अजिंक्य, मग वर्गातली जोडपी आणि गल्लीतल्या सवाशिणी. गाडी नाही, घोडा नाही. वरात निघाली ती एक गल्ली ओलांडायला. किराणावाला दुकानातून बाहेर आला. "काकू, हे काय चाललंय? कुटं निघाली मंडळी?"

"सून बाळंतपणाला माहेराला निघालीया," सोजरबाई म्हणाल्या.

"हितंच? मग बाळंतपण करणार कोण?"

"तिची आई आणि तिचा नवरा." सोजरबाई भर रस्त्यात उभ्या राहिल्या आणि मागे वळून लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि त्या दोघांना शिकवणार माझी लेक. बाप्यांना बाळं सांभाळायला शिकवती ती. आख्ख्या शुक्रवार पेठेत दुसरं कुणी न्हाय असं. तुझ्या सुनेला दिवस गेले की पाठव. लेकालाबी पाठव."

उत्कर्षा आईकडे बघतच राहिली. "आई, अगं..." एवढंच म्हणाली. सोजरबाईंनी तिला पुढे ढकललं.

खोली झाडलेली नव्हती. भिंतीला एक खुंटी, कोपऱ्यात रिकामी मोरी, बाकी काही नाही. रुक्मिणीबाई आधी आत गेल्या, दोन्ही खिडक्या उघडल्या आणि मग दारात येऊन लेकीला हाताला धरून आत घेतलं. "ये माझी बाय, घरला ये." ऋतुजाने आईच्या गळ्यात हात टाकले. सगळे आत शिरले.

सोजरबाई मात्र ओट्यावरच थांबल्या. घरात शंभर माणसं वागवलेली बाई, पण आता ती वरपक्षाची होती आणि दार विहिणीचं होतं. त्या पदर नीट घेऊन, मान ताठ करून बोलावण्याची वाट बघत राहिल्या.

आतून चनबसप्पांच्या घरचा तांब्या घेऊन रुक्मिणीबाई आल्या. त्यांच्या पाठीमागे खोलीत सामानाची काडीही नव्हती, पण त्या अशा उभ्या होत्या की जणू सात खणी घर असावं.

"इनबाई, बाहीर का? या की आत. लेकीच्या माहेरचं पाणी तरी घ्या."

सोजरबाई उंबरा ओलांडून आत गेल्या, उघड्या फरशीवर मानाने बसल्या आणि दोन्ही हातांनी तांब्या घेतला.